वाचणार बावीस, जाणार एकतीस

(पत्र बरंच मोठं होतं. इथे त्याचा गाभा देते आहे.)

«ताई, मी ३९ वर्षांचा. पुण्यात हडपसरला राहतो. आयटी कंपनीत सपोर्टचं काम आहे आणि गेली चार वर्षं ते घरूनच चालतं. भाडं २६,०००, सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा, मुलीच्या स्कूल बसला ३,०००. मूळ गाव चोपडा तालुक्यात. वडील गेले, आई तिथे एकटी असते, तिचं वय ६८. जळगावला शिफ्ट व्हायचा विचार करतोय. सगळं मांडून बघितलं, महिन्याला २२,००० वाचतात. आईलाही आमच्याकडे आणता येईल. बायको चिपळूणची. इथे एका सीए ऑफिसात अकाउंट्स बघते (पगार ३१,०००), तिला तिकडेही काहीतरी मिळेलच. तिची काही हरकत नाही, 'तुम्ही म्हणाल तिथे' असं म्हणते. मुलगी चौथीत आहे. एक चुलतभाऊ म्हणतो, भाड्यात पैसे कशाला घालवतो, एनए (बिनशेती) प्लॉट घेऊन टाक. जळगाव बरं की धुळे? प्लॉट घ्यावा का? आणि इतक्या मोठ्या शहरातून लहान शहरात जाऊन माणूस रमतो का? — हिशेबी, हडपसर»

प्रिय हिशेबी,

टोपणनाव अगदी बरोबर घेतलंत. तुमचं पत्र मी एकदा नुसतं वाचलं, मग पेन्सिल घेऊन वाचलं. भाडं, मेंटेनन्स, बस, पेट्रोल, किराणा, शनिवारचं बाहेरचं जेवण, एवढंच काय, पार्किंगचे वीस रुपयेसुद्धा. आकड्यांखाली रेघा मारत गेले तर १९ भरले. त्यातले अठरा उजेडात आहेत आणि एक तुम्ही कंसात बसवलाय. तो तुमच्या बायकोचा पगार.

म्हणजे वाचणार २२ हजार आणि जाणार ३१. वजाबाकी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते. नऊ हजारांची ही खोट तुम्ही 'काहीतरी मिळेलच' या दोन शब्दांवर तोलून धरली आहे.

येऊ नका असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकारही नाही, कारण मी स्वतः १९९७ साली लग्न होऊन गिरगावातून जळगावला आले आणि आता कुणी मुंबईला परत ये म्हटलं तर भांडेन. तेव्हा इथे नगरपालिका होती, महानगरपालिका २००३ साली झाली. मी आले त्या आठवड्यात ह्यांचं सगळं जागच्या जागी होतं. नोकरी, शाळेतले मित्र, नवी पेठेतला संध्याकाळचा चहा, 'काय भो, कधी आला?' म्हणून पाठीवर पडणारी थाप. माझ्या ओळखीचं या गावात एकच होतं, सोबत आणलेला प्रेशर कुकर. मला इथली व्हायला सहा-सात वर्षं लागली. आणि त्या सहा-सात वर्षांत मी अजून इथली झालेली नाही हे घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं, माझी काही हरकत नाही.

म्हणून 'तुम्ही म्हणाल तिथे' हे वाक्य मी होकार म्हणून मोजत नाही. तुम्ही घरी परत येताय, ती परगावी चालली आहे. गाव एकच, प्रवास दोन.

आता तिच्या कामाचं. जळगावात अकाउंट्सच्या माणसाला काम नाही असं मुळीच नाही. एमआयडीसीत डाळ मिल आहेत, पाईपचे आणि चटईचे कारखाने आहेत. सराफ बाजार आहे, रावेर-सावद्याकडे केळीचे व्यापारी आहेत. या सगळ्यांना जीएसटी भरावाच लागतो आणि टॅली नीट येणारं माणूस लागतंच. फक्त पुण्याचा पगार इथे मिळेल या भरवशावर सामान बांधू नका. शिवाय इथलं बरंचसं काम ओळखीवर चालतं. जाहिरात निघायच्या आधी जागा भरलेली असते, कारण कुणाची तरी भाची नुकतीच एम.कॉम. झालेली असते. तुमच्या बायकोची इथे ओळख कुणाशी? तुमच्याशी.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी तिने पुण्याच्या ऑफिसात विचारावं की काही क्लायंटचं काम घरून ठेवता येईल का. रिटर्न ऑनलाइनच भरायची असतात, ती हडपसरहून भरली काय आणि जळगावच्या महाबळहून भरली काय. काहीजण हो म्हणतात, विशेषतः चांगलं माणूस सोडायचं जिवावर येतं तेव्हा. मग तिने स्वतः जळगावला यावं, कामाच्या वारी, चार दिवस. तुम्ही सोबत या, पण भेटीगाठींना ती एकटीच जाऊ दे. 'आमच्या भावाची मंडळी आहे, कुठे तरी चिकटवा' असं तुमच्या चुलतभावाने कुणाला सांगितलं, तर तिला नोकरी मिळेलही, पण ती भावाची मंडळी म्हणूनच त्या टेबलावर बसेल.

तुमच्या स्वतःच्या नोकरीचंही एक. घरून काम चालतं, हे कंपनीने कागदावर दिलंय की फक्त साहेब चांगला आहे म्हणून चाललंय? कामाचं ठिकाण जळगाव, असं पत्र किंवा निदान ईमेल हातात घ्या. उद्या आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या म्हणाले तर जळगाव-पुणे ही रात्रभराची गाडी आहे, रोजची लोकल नव्हे. शहर बदललं म्हणून पगाराची फेरमांडणी होणार का, हेही त्याच पत्रात विचारून टाका.

आईचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. तिला विचारलंत का? तुमच्या गावातली ६८ वर्षांची बाई जळगावच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर दिवसभर काय करेल? गावात तिचा ओटा आहे, शेजारणी आहेत, शेत निम्म्याने दिलं असेल तर त्यावर नजर आहे. अशा कितीतरी आया मी पाहिल्यात. मुलगा न्यायला आला की म्हणतात, 'मनं तठे काय काम शे?' आणि ते खोटं नसतं. तुमचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो तुमच्या १९ आकड्यांत नाही. आज आईला ताप आला तर तुम्ही पुण्याहून दुसऱ्या दिवशी पोचता, जळगावहून तासा-दीड तासात पोचाल. ती गावातच राहिली तरी हे साधतं. दर रविवारी जाऊन दुपारी तिच्या हातचं जेवून परत येता येतं. ती तुमच्याकडे येईल ती दवाखान्याच्या निमित्ताने, थंडीत महिनाभर, असं हळूहळू. तिची खाट आधी आणून ठेवू नका.

दवाखान्यांचं म्हणाल तर जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खाजगी डॉक्टर भरपूर आहेत, गुडघे-मोतीबिंदू-हृदयाची रोजची तपासणी, सगळं होतं. फार गुंतागुंतीचं काही निघालं तर अजूनही माणसं नाशिक, संभाजीनगर किंवा मुंबई गाठतात.

आता उन्हाचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

डिसेंबरात भरीत पार्टीला आलेला प्रत्येक पाहुणा जळगावला घर घ्यायचं म्हणतो. शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेलं भरीत, हिरवी मिरची, कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या, अंगावर शाल. त्या दिवशी कुणालाही इथे राहावंसं वाटतं. तुम्हीही दिवाळीला, थंडीला येऊन गेला असणार. चिपळूणच्या माणसाला जळगाव दाखवायचं तर मे महिन्यात दाखवा.

इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. आकडा वाचून काही कळत नाही म्हणून सांगते. आमचं पहिलं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर होतं, भाडं कमी होतं आणि गॅलरी मोठी. गॅलरी पश्चिमेला होती, हे मला घर घेताना फार छान वाटलं होतं, सूर्यास्त दिसेल म्हणून. लाइट जाते म्हणून आणलेल्या मेणबत्त्या मी फडताळात उभ्या करून ठेवल्या होत्या. एप्रिल संपता संपता फडताळ उघडलं तर चारही जणी वाकून नमस्कार करत होत्या. रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापायचं की आंघोळीला गार पाणी हवं असेल तर सकाळीच बादल्या भरून मोरीत ठेवायच्या. मी त्या महिन्यात रोज रडायचे आणि घामात ते कुणाला दिसायचं नाही.

वर्षभराने आम्ही तळमजल्यावर गेलो. एवढ्या एका बदलाने मी टिकले, असं म्हटलं तरी चालेल.

तर घर बघताना वरचा मजला स्वस्त मिळतो तो उगाच नाही, हे लक्षात ठेवा. मधला मजला बघा किंवा ज्याच्या वर आणखी एक घर आहे असं. पश्चिमेला बेडरूम नको. कूलर ठेवायला बाहेरून जागा आहे का, डक्टिंग केलंय का, हे विचारा. पाण्याचा हौद जमिनीखाली आहे का, बोअर आहे का, तेही. शहराचं पाणी वाघूर धरणातून येतं आणि नळ रोज येईलच असं धरून चालू नका. ज्या भागात घर बघाल तिथल्या शेजारणीला विचारा, 'पाणी कोणत्या वारी येतं?' ती क्षणभरही न थांबता सांगेल. इथला आठवडा त्या वारांवर चालतो. पाहुण्यांना बोलवायचं, गोधडी धुवायची, सगळं त्यावर.

एसी लावणार असाल तर तुमच्या २२ हजारांतून उन्हाळ्याचं बिल वजा करा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत, वरच्या टप्प्याला दर चढतो. घरून काम म्हणजे दिवसभर तुमची खोली गार ठेवायची, मुलीला मेची सुट्टी, आणि कूलरचा उपयोग पहिल्या पावसापर्यंतच, त्यानंतर तो नुसता दमटपणा वाढवतो. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा विजेच्या तारा काही उभ्या राहत नाहीत, म्हणून इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट हा खर्चही धरा. पुण्यात एक गाडी पुरत होती, इथे दोन लागतील, कारण रिक्षा सोडली तर शहरात फिरायला दुसरं फारसं काही नाही. आणि लग्नसराई! हा रकाना तुम्ही पूर्ण विसरलात. पुण्यात असताना 'जमणार नाही' म्हणून फोनवर सुटायचात. जळगावात आलात की चोपडा, अमळनेर, यावल, कुठली म्हणून पत्रिका चुकणार नाही. हळद, लग्न, मग कुणाच्या दारावर सांत्वनाला जायचं, कुणाची गंधमुक्ती (मरणानंतरचा विधी). ते टाळायचंही नसतं, कारण उद्या तुमच्याकडे काही झालं तर तीच माणसं रात्री अकराला उभी राहतात. पण त्याला पेट्रोल लागतं, आहेर लागतो आणि रविवार लागतात.

हे सगळं वजा केल्यावरही काही हजार उरतील. जळगाव पुण्यापेक्षा स्वस्त आहे यात वादच नाही. (सराफ बाजारापासून मात्र लांब राहा. सोनं घ्यायला लोक लांबलांबून इथे येतात, आणि वाचवलेले पैसे तिथे कसे जातात हे आमच्या ह्यांना विचारा.)

घराच्या जागेबद्दल माझा एकच हट्ट आहे. घर आणि मुलीची शाळा हायवेच्या एकाच बाजूला हवी, आणि शक्य तर रेल्वे लाइनच्याही. तो हायवे सुरत-नागपूरचा आहे आणि शहराच्या पोटातून जातो. शाळा सुटायच्या वेळी स्कूटीवर दोन पोरं बसवून ट्रक-कंटेनरमधून तो ओलांडणाऱ्या आया बघितल्या की माझ्या पोटात अजून गोळा येतो. रामानंद नगर चांगलं की पिंप्राळा, महाबळ की आदर्श नगर, हे भांडण तुम्हाला नातेवाईक लावून देतीलच. तुम्ही नकाशा काढा, शाळेवर बोट ठेवा आणि रस्ता न ओलांडता जिथे पोचता येईल तिथेच घर शोधा.

भाडेकरार तोंडी करू नका. 'अहो आपलीच माणसं' म्हणून इथे अजून बरंच काही शब्दावर चालतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची मुख्य जबाबदारी घरमालकाची, पण उद्या वाद झाला तर कागद तुम्हालाही लागेल. गॅस, बँक, शाळा, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच चालतो, ते वेगळंच.

प्लॉटचं उत्तर: पहिलं वर्षभर नाही. चुलतभावाला राग येईल, येऊ दे. ज्या गावात मे काढला नाही, पाण्याचे वार माहीत नाहीत, बायकोला नोकरी लागली नाही, तिथे जमीन घेणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी मंगल कार्यालय बुक करणं. आणि वर्षानंतर घ्याल तेव्हा 'एनए आहे' या शब्दावर जाऊ नका. बिनशेतीचे कागद स्वतः वाचा. मंजूर लेआउटचा नकाशा घ्या आणि त्यातला रस्ता जागेवर जाऊन पावलांनी मोजा. सातबारावर त्या प्लॉटची नोंद वेगळी निघते का ते बघा. लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. वकील तुमचा तुम्ही लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आम्ही एकदा ओळखीतून इसार दिला होता. शेताचाच तुकडा होता, गुंठेवारीतला, आणि रस्ता म्हणून जो दाखवला तो शेजाऱ्याचा बांध निघाला. इसार परत मिळायला चार वर्षं गेली आणि ज्यांच्या ओळखीतून दिला त्यांच्याशी बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे. पैशापेक्षा तेच जास्त लागलं.

जळगाव की धुळे? तुमच्यासाठी जळगाव. धुळं मला आवडतं, शांत आहे, जुन्या पेठा आखीव आहेत, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे तिथे भेटतात. पण आई चोपड्याकडे आहे आणि तुम्हाला पुण्याची गाडी लागणार आहे. धुळ्याहून रेल्वेच्या मुख्य मार्गावर यायचं तर चाळीसगाव गाठावं लागतं. जळगाव जंक्शन आहे, मुंबईचा आणि सुरतेचा, दोन्ही मार्ग तिथे मिळतात. तुमच्या बायकोला माहेरी जायचं तर कुठूनही प्रवास लांबचाच पडेल. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी सुटतं, गणपतीचं तिकीट त्या दिवशी सकाळी आठला तुम्ही काढायचं. तिने आठवण करून द्यायच्या आधी.

मुलीची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. चौथीतून पाचवीत जाताना बदल सोपा जातो, इथल्या बऱ्याच शाळांत तिथूनच नवी तुकडी लागते. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मागा, बस. दोन महिन्यांत ती घरी येऊन 'आई, मी अभ्यास करू राह्यली ना' म्हणेल. तेव्हा तुमच्या घरात कुणी तिला 'नीट बोल' म्हणू नये. ते नीटच आहे. इथल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरी याच मातीतल्या बोलीत बोलल्या. माझ्या मुलीला मी पहिलं वर्षभर टोकत होते. मग एकदा तिनेच विचारलं, 'आजी पण अशीच बोलते, तिला तू काही म्हणत नाहीस.' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि रमण्याबद्दल. लहान शहर वगैरे म्हणू नका, २०११ च्या जनगणनेतच जळगाव साडेचार लाखांच्या वर गेलं होतं. पण प्रश्न खरा आहे. तुम्ही रमाल. तिचं सांगते.

चिपळूणच्या माणसाला आधी मासा आठवेल. इथे धरणातले रोहू-कटला मिळतात, समुद्राचा मासा बर्फातून येतो. नारळाच्या जागी शेंगदाणा येईल, भाजीवर तेलाचा तवंग येईल, शेवभाजीचा पहिला घास घेतल्यावर डोळ्यांत पाणी येईल. पाऊस इतकुसाच पडतो आणि सगळे त्यालाच पाऊस म्हणतात. मग कानबाईचे रोट येतील, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी. सगळी भाऊबंदकी एकत्र, तिला प्रत्येकीचं नातं पाठ नसेल आणि प्रत्येकजण 'ही कोण, पुण्याची का?' म्हणेल. त्या दिवशी तुम्ही पुरुषांच्या बैठकीत जाऊन बसू नका. पंधरा मिनिटांनी एकदा आत डोकवा.

मी इथली झाले तो दिवस मला नेमका आठवतो. तळमजल्यावर आल्यानंतरचा कितवा तरी उन्हाळा होता, पहाटेचे पाच. गच्चीवरून बायकांचा आवाज येत होता म्हणून मी जिन्यात आले तर समोरच्या वहिनी वरून ओरडल्या, 'काय करू राह्यल्या हो खाली? या ना वर, बिबडे टाकू राह्यलो आम्ही!' वर गेले. मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा शिजून तयार, तीळ-जिऱ्याचा वास. ओल्या धोतराच्या पानावर सहा-सात जणी पाण्याचा हात लावून बिबडे थापत होत्या, कारण सातच्या आत उरकलं नाही तर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. कुणी माझं स्वागत वगैरे केलं नाही. एकीने नुसतं सरकून जागा दिली. माझा पहिला बिबडा कडेला जाड आणि मध्ये भोक. त्यावर त्या इतक्या हसल्या की मीही हसले. मग वाटीत गरम घाटा, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. तेव्हापासून त्यांच्या घरातल्या वाळवणाची राखण माझ्याकडे, आणि माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे.

हे ठरवून होत नाही, पण त्यासाठी दार रस्त्याकडे हवं आणि हातात थोडा रिकामा वेळ हवा. आठव्या मजल्यावरच्या गेटबंद सोसायटीत हडपसरच पुन्हा मिळेल, जरा गरम.

तर माझं म्हणणं असं. तुमचं काम घरून चालतं, ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी सोय आहे, ती वापरा. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी या, तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आईही खुशीत असेल. तिथून जळगावात या आणि महिनाभरासाठी एक घर भाड्याने घ्या. चुलतभावाकडे उतरू नका, पाहुणचारात गाव कळत नाही. बायकोने रजा जुळवावी, मार्च संपला की सीए ऑफिसात ती जरा तरी मिळते. पूर्ण मे काढा. तिने चार ठिकाणी कामाची चौकशी करावी, तुम्ही दुपारी तीनला भाजी आणायला जावं. पुण्याचं घर सोडू नका. दोन भाडी पडतील, महिनाभर पडू देत. मेअखेर ती 'चला परत' म्हणाली तर जे वाचलं ते त्या दोन भाड्यांपेक्षा कितीतरी जास्त असेल. 'बघू या' म्हणाली तर शाळेची चौकशी सुरू करा. मनासारख्या शाळेत पाचवीचा प्रवेश हुकला तर सहावीला या, एका वर्षाने काही बिघडत नाही.

आणि तेव्हा मला पुन्हा लिहा. या वेळी पत्र तिच्या अक्षरात येऊ द्या, तुमचा पगार कंसात टाकायची मुभा तिला आहे.

मेसाठी घर घ्याल तिथे कूलर असेलच. त्याचं गवत यंदाचं आहे की गेल्या सालचं, हे किल्ली घेण्याआधी विचारा. जुनं असेल तर पाणी पडल्याबरोबर घरभर कुजका वास सुटतो, आणि एप्रिल उलटल्यावर गवत बदलणारा माणूस कुणाचाच फोन उचलत नाही.